डाव्या हाताची गाठ

फार फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ गावात एक तेलीण राहत होती. गावात तिच्याइतकं कष्टाळू माणूस दुसरं नव्हतं आणि तिच्याइतकं वैतागलेलंही नव्हतं.

हे गाव यहुदी लोकांचं. त्यांचा देव एकच, आणि त्याला मूर्ती नाही. आठवड्याचे सहा दिवस ते राबायचे आणि शनिवारी सगळं काम बंद ठेवायचे. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, घाणा फिरवायचा नाही, दूरची वाट चालायची नाही. गाढवालासुद्धा त्या दिवशी सुट्टी. आपल्या कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, ते याच लोकांचे भाईबंद.

तेलीण आणि तिचा नवरा जैतुनाचं, म्हणजे आपण ज्याला ऑलिव्ह म्हणतो त्या फळाचं तेल काढायचे. त्यातलं सगळ्यात चांगलं तेल राजधानीच्या मोठ्या मंदिरात जायचं. तिथे रोज संध्याकाळी सात वातींचा दिवा लागे. त्या दिव्याला साधं तेल चालत नसे. फळं उखळात हलक्या हाताने ठेचायची, टोपलीत ठेवायची, आणि न दाबता जे तेल आपोआप ठिबकेल तेवढंच मातीच्या बुधल्यात भरायचं. बुधल्याच्या तोंडावर कापड, कापडावर दोरी, आणि दोरीवर पुजाऱ्याची मेणाची मोहर.

दोरी बांधायचं काम नवऱ्याचं. तो डावखुरा होता, त्यामुळे त्याची गाठ उलटी पडायची. ती सोडवणं तेलिणीशिवाय कोणाला जमत नसे. "सरळ गाठ मारायला काय होतं हो तुम्हाला?" असं ती रोज म्हणायची. तो रोज हसायचा आणि पुन्हा तशीच मारायचा.

मग त्या मुलखावर एका परक्या राजाचं राज्य आलं. त्याने फर्मान काढलं, "माझ्या राज्यात सगळे एकसारखे. माझे देव तेच तुमचे देव. शनिवार पाळाल तर मराल." त्याच्या शिपायांनी पोथ्या जाळल्या, मंदिरातला सोन्याचा दिवा लुटून नेला, आणि त्या लोकांना डुक्कर निषिद्ध म्हणून मुद्दाम मंदिराच्या वेदीवर डुकरं कापली. लोकांनी बरंच सोसलं. शेवटी एका म्हाताऱ्याने राजाच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हटलं आणि तो आपल्या मुलांना घेऊन डोंगरात गेला. तिथून बंड सुरू झालं.

तेलिणीच्या गावातली माणसंही घरं सोडून एका गुहेत लपली. त्यांत तिचा नवरा होता, तिचा मुलगा होता. सून बाळंत व्हायची होती म्हणून तेलीण तिच्याजवळ गावातच राहिली. शिपायांनी गुहा शोधून काढली आणि ते मुद्दाम शनिवारी आले. आतली माणसं म्हणाली, "आज शनिवार. आज आम्ही हत्यार उचलत नाही." त्यांनी साधा दगडसुद्धा फेकला नाही. गुहेच्या तोंडाशी धोंडा लोटून ठेवणंही काम होईल, म्हणून तेही केलं नाही. त्यांतलं कोणीही परत आलं नाही.

ही बातमी ऐकून बंडवाल्यांनी ठरवलं, की जिवावर बेतलं तर शनिवारीही लढायचं. तेलीण म्हणाली, "हे आता सुचलं?"

तीन वर्षांनी बंडवाले जिंकले. मंदिर परत मिळालं. ते साफ करायला गावोगावच्या बाया झाडू घेऊन राजधानीला गेल्या. तेलीणही गेली. आणि तिचा खरा वैताग तिथे सुरू झाला.

मंदिराचा कारभार तीन पंचांकडे होता. एक थोरले पंच, एक जाडे पंच आणि एक पोथीवाले पंच. पहिला प्रश्न आला वेदीच्या दगडांचा.

"या दगडांवर देवाची पूजा झालीय. ते फेकता येणार नाहीत," थोरले पंच म्हणाले.

"त्यांच्यावर डुकरं कापलीत. ते वापरता येणार नाहीत," जाडे पंच म्हणाले.

चार दिवस वाद घालून त्यांनी ठरवलं, की पुढे कधीतरी देवाचा संदेष्टा येईल, तो काय ते सांगेल. तोवर दगड कोठीत ठेवून द्यावेत. हे तेलिणीलाही पटलं. दगडच ते, बसले असते कोठीत.

पण पंचांना या तोडग्याची गोडी लागली. पडदे बाटलेत की नाहीत? कोठीत ठेवा, संदेष्टा सांगेल. पितळेची भांडी घासून चालतील की वितळवावी लागतील? कोठीत ठेवा, संदेष्टा सांगेल. एक दिवस पोथीवाले पंच तेलिणीच्या हातातल्या झाडूकडे बघून म्हणाले, "हा झाडू त्या वेदीवरच्या राखेला लागलाय का?"

"लागलाय. राख झाडायलाच आणलाय."

"मग तो कोठीत..."

"आणि मी कशाने झाडू? तुमच्या दाढीने?" तेलीण म्हणाली. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. झाडू वाचला.

लुटून नेलेल्या सोन्याच्या दिव्याच्या जागी सैनिकांनी आपल्या भाल्यांच्या लोखंडी दांड्या जोडून एक साधा दिवा उभा केला. आता तेल हवं होतं. पण शिपायांनी सगळे बुधले फोडले होते, नाहीतर त्यांत हात घालून तेल बाटवलं होतं. शुद्ध तेलाचा थेंब नव्हता.

रविवारी सकाळी तेलीण एका मोडक्या फळीखालचा कचरा ओढत होती. तिच्या हाताला एक बुधला लागला. तो जड होता. तिने धूळ पुसली आणि दोरी बघितली. गाठ उलटी होती.

ती तिथेच कचऱ्यात बसली. तीन वर्षांपूर्वी ज्या हातांनी ही गाठ मारली ते हात गुहेत गेले होते, आणि गाठ अजून तशीच होती.

मग तिने डोळे पुसले आणि बुधला पंचांकडे नेला.

तिन्ही पंच त्याच्याभोवती गोळा झाले. म्हातारे मुख्य पुजारीही काठी टेकत आले. मेणाची मोहर होती, पण तिला तडा गेला होता.

"तडा गेलाय," जाडे पंच म्हणाले. "शिपायांनी उघडून पुन्हा बंद केला असेल तर?"

"उघडून बघू या," थोरले पंच म्हणाले.

"उघडला की मोहर तुटली. मोहर तुटली की तेल बाटलं," पोथीवाले पंच म्हणाले.

"न उघडता कसं कळणार?"

"नाहीच कळणार."

"तेल आमच्या घाण्याचं आहे," तेलीण मध्येच म्हणाली. "गाठ माझ्या नवऱ्याची आहे. ती कोणी उघडलेली नाही."

"बाई, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच," जाडे पंच म्हणाले. "आणि समजा, शुद्ध असलं तरी हे एका दिवसाचं तेल आहे. आज दिवा लावायचा आणि उद्या विझू द्यायचा? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा नव्या तेलाचे भरपूर बुधले येईपर्यंत थांबू."

"ते कधी येतील?"

"ते ठरवायला बसावं लागेल. कोणत्या गावाचं, कोणत्या घाण्याचं. तोवर हा बुधला..."

"कोठीत," तिघेही एकदम म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

तेलिणीने बुधला छातीशी धरला. कोठीत गेलेली एकही वस्तू बाहेर आलेली तिने पाहिली नव्हती. नवऱ्याच्या हातचं हे शेवटचं तेल होतं. ते दिव्यासाठी काढलं होतं, आणि आता ते दगडांशेजारी अंधारात सुकून जाणार होतं.

"अहो, तुमचा संदेष्टा येईल तेव्हा तो दगडांचं विचारणार नाही," ती म्हणाली. "तो आधी विचारेल, तेल होतं तर दिवा का नाही लावला? तेव्हा काय सांगाल? बैठक चालू होती?"

म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी विचारलं, "बाई, ही गाठ उघडलेली नाही हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"शिपायांनी उघडली असती तर कापली असती. आणि कापली असती तर पुन्हा अशी त्यांना मारता आली नसती. खोटं वाटत असेल तर सोडवून बघा."

थोरल्या पंचांनी बाह्या वर केल्या आणि एक टोक ओढलं. गाठ आणखी आवळली. जाड्या पंचांनी दोन्ही टोकं ओढली, त्यांचा चेहरा लाल झाला. पोथीवाल्या पंचांनी बराच वेळ गाठीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "याबद्दल पोथीत काही नाही."

पुजारी हसले. "बाई, आता तुम्ही."

"सोडवते. पण आधी एक कबूल करा. एकदा सोडवलं की तेल ठेवायचं नाही. दिवा आजच लावायचा."

"आणि उद्या?" जाडे पंच म्हणाले. "उद्या अंधार झाला की तोंड कोण दाखवणार?"

"तीन वर्षं अंधारच होता की. आणखी सात दिवस झाला तर झाला. मी उद्या पहाटे गावाला निघते. तीन दिवस जायला, एक दिवस तेल काढायला, तीन दिवस यायला, आणि मध्ये एक शनिवार. पुढच्या सोमवारी संध्याकाळी तेल घेऊन इथे उभी राहते."

"आणि नाही आलात तर?"

"तर मग मलाही कोठीत ठेवा."

पुजाऱ्यांनी पंचांकडे बघितलं, मग तडा गेलेल्या मोहरेकडे बघितलं. "सोडवा," ते म्हणाले.

तेलिणीने गाठीखाली बोट घातलं, दोरीला जरा ढील दिली, आणि गाठ अलगद सुटली. बुधल्यातून ताज्या तेलाचा तिखट वास आला. त्या संध्याकाळी पुजाऱ्यांनी लोखंडी दिव्याच्या सात वाती लावल्या. अंगणात उभी असलेली माणसं रडली. तेलीण थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मग गाढव भाड्याने मिळतंय का ते बघायला गेली.

गाढववाला मिळाला. तो बंडात लढलेला होता, आणि बोलण्यात पंचांना भारी होता. तीन दिवस त्याने आपल्या सगळ्या लढाया सांगितल्या, काही दोनदा.

बुधवारी संध्याकाळी ती घरी पोचली. गुरुवारी उजाडताच सासू-सुना कामाला लागल्या. सून उखळात फळं ठेचत होती.

"सासूबाई, जरा दाबू का टोपली? लवकर होईल."

"दाबायची नाही. ठिबकू दे."

"पण तुम्हाला तर घाई आहे ना?"

"घाई मला आहे, तेलाला नाही. आणि मला चिडायला लावू नकोस, ते काम पंच करतात."

संध्याकाळपर्यंत चार बुधले भरले. गावच्या पुजाऱ्याने मेण तापवून ठेवलं होतं. तेलिणीने दोरी घेतली आणि ती डाव्या हाताने गाठ मारू लागली. पहिली सुटली. दुसरी सरळच पडली. "मेली गाठ," ती पुटपुटली. तिसऱ्यांदा जमली. सुनेने ती गाठ ओळखली.

शुक्रवारी ते परत निघाले. सूर्य मावळायला आला तेव्हा ते एका टेकडीखाली होते, आणि तेलिणीने गाढव थांबवलं. शनिवार सुरू होत होता. टेकडीवर गुहेचं काळं तोंड दिसत होतं. तीच ती गुहा.

शनिवारी सकाळी गाढववाला चुळबुळ करू लागला.

"मावशी, निघू या का? लढाईत आम्ही शनिवारीही तलवार चालवली. तशी परवानगीच आहे आता."

"कोणी अंगावर आलंय का तुझ्या?"

"नाही."

"मग बस."

"पण आज चाललो तर उद्याच पोचू. एक दिवस वाचेल."

"दिवस वाचेल. जीव वाचणार आहे का कोणाचा?"

गाढववाल्याने बोटांवर दिवस मोजले. मग तो म्हणाला, "तसं बघितलं तर दिवा सोमवारीच विझला असणार. मग आपण कशासाठी एवढं करतोय?"

"विझलेला दिवा पुन्हा लावायलाही तेलच लागतं. आणि मी सोमवार सांगितलाय. सोमवारी पोचायचं."

गाढववाल्याने डोक्यावर हात मारून घेतला. गाढव मात्र खुशीत चरत होतं.

तेलीण टेकडीकडे तोंड करून बसली. तीन वर्षांत ती इथे पहिल्यांदाच थांबली होती.

"मी तुमच्यावर फार चिडलेय," ती हळूच गुहेकडे बघून म्हणाली. "एक धोंडा लोटायचा होता तोंडाशी. एवढंच. देव रागावला असता तर मी समजूत काढली असती त्याची. जीव जात होता तेव्हा दिवस मोडायला हवा होता, तो तुम्ही मोडला नाही. आज कोणाचा जीव जात नाहीये, म्हणून मी मोडत नाही. ज्या शनिवारासाठी तुम्ही मेलात, तो मी घाईसाठी कसा मोडू? बसलेय बघा तुमच्यासमोर दिवसभर. आता तरी सरळ गाठ मारा."

वाऱ्याने सुकं गवत हललं. ती सूर्य मावळेपर्यंत बसली.

रविवारी पहाटे ते निघाले. सोमवारी दुपारी गाढव चढावर अडून बसलं. गाढववाल्याने आधी विनवलं, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा विनवलं. शेवटी तेलिणीने दोन बुधले स्वतःच्या खांद्यावर घेतले, तेव्हा ते उठलं. राजधानीच्या वेशीशी पोचेपर्यंत सूर्य टेकला होता. ती मनात उत्तरं जुळवत होती. 'आम्ही सांगितलं होतं' असं जाडे पंच म्हणतील. त्यांना काय म्हणायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं.

मंदिराच्या अंगणात ती शिरली आणि थबकली. आत उजेड होता.

दिवा जळत होता. सातही वाती. आणि दिव्यासमोर तिन्ही पंच हातवारे करत भांडत होते.

"बुधला मुळातच मोठा होता!"

"वाती बारीक वळल्या, म्हणून पुरलं!"

"चमत्कार आहे हा! सरळ सरळ चमत्कार!"

"चमत्कार कोणाला म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं..."

तेलिणीने बुधले खाली ठेवले. म्हातारे पुजारी तिच्याजवळ आले. त्यांचे डोळे आठ दिवसांच्या जागरणाने लाल झाले होते.

"विझला नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"कसा काय?"

"बाई, रोज संध्याकाळी मी बुधला उचलायचो तेव्हा वाटायचं, आज संपलं असणार. आणि थोडं असायचंच. किती आहे ते मी कधी बघितलं नाही. बघायची भीती वाटायची. वाटायचं, तुम्ही सोमवार म्हणालात, सोमवारपर्यंत मी फक्त ओतत राहायचं." त्यांनी बुधला उलटा करून दाखवला. "आता मात्र संपलं."

तिकडे थोरले पंच म्हणत होते, "वाद नको. हा प्रश्न संदेष्टा येईपर्यंत..."

"ठेवा की कोठीत," तेलीण म्हणाली, "पण आधी वाटेतून सरका. ज्योती खाली आल्यात."

तिघेही सरकले. पुजाऱ्यांनी नव्या बुधल्याची मोहर बघितली, ती धड होती. मग त्यांनी गाठीला हात घातला आणि थांबले.

"ही पण तशीच?"

"तशीच."

"मग आम्हाला शिकवा. दर वेळी तुम्हाला कुठे बोलवायचं?"

जाडे पंचही पुढे वाकले. तेलिणीने त्यांचा जाड अंगठा धरून गाठीखाली ठेवला. "ओढू नका. तुम्ही सगळे नुसते ओढता. इथे जरा ढील द्या. हं. आता बघा."

गाठ सुटली. जाडे पंच लहान मुलासारखे हसले. पुजाऱ्यांनी दिव्यात नवं तेल ओतलं, आणि ज्योती पुन्हा उंच झाल्या.

"तो रिकामा बुधला मात्र जपून ठेवायला हवा," पोथीवाले पंच म्हणाले. "मला वाटतं..."

"हा माझ्या घरचा आहे," तेलीण म्हणाली. तिने जुन्या दोरीने तो कमरेला बांधला. डाव्या हाताने, एकाच प्रयत्नात.

तेव्हापासून ते लोक दरवर्षी आठ दिवस दिवे लावतात. तेल कसं पुरलं यावर आजही वाद होतात म्हणे. पण आधी दिवा लावतात आणि मग वाद घालतात. तेवढं मात्र ते शिकले.

तात्पर्य: हाताशी आहे तेवढ्या तेलावर आज दिवा लावावा आणि उद्याच्या तेलासाठी लगेच वाटेला लागावं, पुरेल की नाही याची चर्चा अंधारात बसून करू नये.